इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं कोसळत नाही

28 जून 2018 रोजी जुहूहून चाचणी उड्डाणाला निघालेलं किंग एअर सी-90 हे दोन इंजिनांचं लहान विमान घाटकोपरच्या जागृती नगरात कोसळलं. विमानातले चौघं आणि रस्त्यावरचा एक पादचारी प्राणाला मुकले. इतक्या जवळ घडलेल्या अपघातानंतर ठाणे-डोंबिवलीकरांना लहान विमानांची धास्ती वाटावी, हे स्वाभाविकच. पण त्या धास्तीतून काही चुकीच्या समजुती पक्क्या झाल्या आहेत.

सगळ्यात पक्की समजूत म्हणजे इंजिन बंद पडलं की खेळ संपला. विमानाला पंख तोलतात. इंजिन पुढे ओढतं. ओढ थांबली की वैमानिक नाक थोडं खाली घेतो आणि उंची खर्चून वेग टिकवतो. प्रशिक्षणात सर्रास वापरलं जाणारं सेसना 172 अशा वेळी ताशी सुमारे 125 किलोमीटर वेगाने तरंगत येतं, आणि वारा नसेल तर दर 1,000 फुटांमागे जवळपास पावणेतीन किलोमीटर अंतर कापतं. म्हणजे ठाणे स्टेशनच्या वर 3,000 फुटांवर इंजिन थांबलं, तरी पारसिकचा डोंगर ओलांडून दिव्यापर्यंत पोचता येईल. हाताशी चारेक मिनिटं असतात. जुलै 2022 मध्ये बारामतीहून एकटीच उडालेल्या एका शिकाऊ वैमानिकेचं विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात उतरलं. ती किरकोळ जखमांवर बचावली.

खरा घात होतो तो वेग गमावल्याने. ‘लगेच मागे वळून धावपट्टीवर यायचं’ हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण उड्डाणानंतर काहीशे फुटांवर असताना तो जीवघेणा आहे. 45 अंश कलून वळताना विमान तोलून धरायला लागणारा किमान वेग 19 टक्क्यांनी वाढतो, 60 अंशांत 41 टक्क्यांनी. तेवढा वेग नसेल तर पंखांची उचल एकाएकी जाते, आणि सावरायला खाली उंचीच उरलेली नसते. म्हणून शिकवतात ते हेच: समोर, थोडं डावी-उजवीकडे, जी बरी जागा दिसेल तिथे उतरा.

‘आपल्या उकाड्यात कसला बर्फ?’ हाही गैरसमजच, आणि तो वैमानिकांनाही भोवतो. कार्ब्युरेटरमध्ये इंधनाची वाफ होताना आणि हवा अरुंद नळीतून जाताना तापमान 20 अंशांहूनही जास्त उतरू शकतं. कोकणपट्टीतल्या दमट हवेत बाहेर 25 अंश असले तरी आत बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरतं. उपाय म्हणजे गरम हवा आत सोडणारी कळ ओढणं. ती ओढल्यावर वितळलेलं पाणी इंजिनात जाऊन ते आधी आणखी अडखळतं. नवखा माणूस नेमका तेव्हाच घाबरून कळ परत ढकलतो. तिथे धीर धरावा लागतो.

उतरायच्या जागांबद्दलही अंदाज चुकतात. कल्याण-शीळ रस्ता वरून सरळ दिसतो, पण त्यावर वाहनं आणि आजूबाजूला तारा असतात. भातखाचरं सपाट दिसतात. पावसाळ्यात मात्र चिखल आणि बांध चाकं अडवून विमान उलटवतात. नेवाळीच्या धावपट्टीचं नाव हमखास निघतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन ती बांधली, आणि त्याच जमिनीवरून जून 2017 मध्ये नौदलाविरुद्ध आंदोलन पेटलं. आज ती चालू धावपट्टी नाही.

‘मेडे’चा पुकारा हे वैमानिकाचं पहिलं काम नव्हे. आधी विमान सांभाळायचं, मग दिशा ठरवायची, मग रेडिओ. ट्रान्सपॉन्डरवर 7700 लावलं की नियंत्रकाला संकट कळतंच. प्रवाशाने तोवर खांद्याचा पट्टा आवळावा, खिशातल्या टोकदार वस्तू काढाव्यात आणि वैमानिकाने सांगितल्यास टेकण्याआधी दाराची कडी सोडावी. धक्क्याने चौकट वाकली तर दार अडकतं.

आणि आपण, खाली उभे असलेले? 112 वर नेमकी जागा सांगायची, गर्दी पांगवायची, सांडलेल्या इंधनाजवळ काडी पेटवू द्यायची नाही, पंख्यापासून लांब राहायचं. सिरससारख्या विमानांत अख्खं विमान तोलणारं पॅराशूट असतं. ते उघडलेलं नसेल, तर त्याला बाहेर फेकणारं रॉकेट अपघातानंतरही सुटू शकतं.