प्रवेशनिबंध : इतिहास ज्याचा, शब्दही त्याचेच

आपल्या देशात वैद्यकीय प्रवेशाचे दार ‘नीट’च्या ७२० गुणांवर उघडते, तेथे विद्यार्थ्याला स्वतःविषयी एक ओळही लिहावी लागत नाही. परदेशी शिक्षणाकडे वळणाऱ्या आपल्या मुलांची लेखणी नेमकी त्या ओळीपाशी अडते. अमेरिकेतील अनेक महाविद्यालये स्वीकारीत असलेल्या ‘कॉमन अ‍ॅप’ अर्जात २५० ते ६५० शब्दांचा आत्मपर निबंध असतो. ब्रिटनमधील ‘युकास’च्या अर्जात पूर्वी मोकळ्या जागा धरून ४००० अक्षरांचे सलग निवेदन असे. २०२६ च्या प्रवेशापासून तेवढ्याच मर्यादेत तीन प्रश्नांची उत्तरे द्यावयाची आहेत : हा विषय का निवडला, शिक्षणाने कोणती तयारी झाली आणि शिक्षणाबाहेर काय केले.

याच ‘युकास’ने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेली एक तपासणी आपण डॉक्टरांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. वैद्यकशास्त्रासारख्या चुरशीच्या शाखांच्या अर्जांत २३४ विद्यार्थ्यांनी आठव्या वर्षी रसायनांचा प्रयोग करताना आपला पायजमा जळाल्याचे लिहिले होते! १७५ अर्जांत वृद्ध, आजारी आजोबा होते. आजोबांवरील माया खोटी नसते; पण उसन्या वाक्यांत ती आपली राहत नाही. आज निबंध यंत्राकडून लिहवून घेण्याची सोय झाली आहे. तसा मजकूर स्वतःचा म्हणून देणे ‘युकास’ फसवणूक मानू शकते.

मग चांगला निबंध कसा असावा? त्याचे उत्तर आपल्याच वॉर्डात आहे. रुग्णाची मुख्य तक्रार त्याच्याच शब्दांत नोंदवावी, हा आपला पहिला धडा. ‘मी संवेदनशील आहे’ हे वाक्य म्हणजे तपासणीवाचून केलेले निदान होय. त्याऐवजी आजीच्या गोळ्यांच्या डब्यावर सकाळ-संध्याकाळची चित्रे कोणी काढली, कोणती गोळी तरीही चुकली, आणि मग काय बदलले, एवढे मुलाने लिहावे. निदान वाचणारा करील. घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या मुलांपाशी सांगण्याजोगे थोडे नाही.

डॉक्टर पालकांसाठी दोन पथ्ये. मूल आपल्या दवाखान्यात बसून निरीक्षण करीत असेल, तर रुग्णाची ओळख पटेल असा तपशील निबंधात येऊ देऊ नये. गोपनीयतेचा नियम त्यालाही लागू आहे. दुसरे पथ्य अधिक कठीण : लेखणी आपल्या हाती घेऊ नये. आपल्या संस्कारित, भारदस्त इंग्रजीत सतरा वर्षांच्या मुलाचा आवाज बुडतो, आणि निबंध पुत्राचा न राहता पित्याचा होतो. ‘येथे तुला नेमके काय वाटले?’ एवढे विचारावे आणि गप्प राहावे.

कदाचित त्या उत्तरात मुलाला डॉक्टर व्हायचेच नाही, असे निघेल. प्रवेशाआधी ते कळणे हाही निबंधाचा मोठा लाभच समजावा.