पुस्तकांची भिशी

सांगलीत भिशी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सोन्याची भिशी आहे, भांड्यांची आहे, गल्लोगल्ली बायकांची आहे. आमची पुस्तकांची आहे. आम्ही १२ जण, महिन्याला माणशी ३०० रुपये. दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी वकीलकाकांच्या ओसरीवर चिठ्ठी निघते. ज्याला भिशी लागेल त्यानं ३,६०० रुपयांची पुस्तकं आणायची. कुठली, ते त्याचं त्यानं ठरवायचं; बाकीच्यांनी सुचवायचंसुद्धा नाही. पुस्तकं कायमची त्याचीच, पण पहिलं वर्षभर ती सगळ्यांच्या घरी फिरतात. शिवाय प्रत्येकानं त्या गठ्ठ्यातलं निदान एक पुस्तक वाचायचंच, आवडो न आवडो.

हा शेवटचा नियम नसता तर आमची भिशी केव्हाच मोडली असती, असं माझं ठाम मत आहे.

पुस्तक भिशी ही काही आमच्याच डोक्यातून निघालेली गोष्ट नव्हे. महाराष्ट्रात बऱ्याच गावांत ती चालते, नियम जागोजागी वेगळे असतात. पैशाचा फायदा उघड आहे. ४००-५०० रुपयांच्या पुस्तकासमोर पेन्शनीतल्या माणसाचा हात अडखळतो. तोच हात भिशीचे पैसे आल्यावर मोकळा होतो. मराठी पुस्तकाची आवृत्ती एरवी हजारेक प्रतींची, बरेचदा त्याहूनही कमी. ती खपायला वर्षं लागतात. अशा वेळी बारा घरांतून वर्षाला ४३,२०० रुपये नेमानं पुस्तकांच्या दुकानात जातात, याचं मला फार समाधान वाटतं. तरी खरा लाभ वेगळाच आहे. आपल्या आवडीचं पुस्तक माणूस कसंही मिळवून वाचतो. दुसऱ्याच्या आवडीचं वाचायला मात्र कुणीतरी हक्कानं भाग पाडावं लागतं.

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या बारनिशीत गेली. आलेल्या कागदाला आवक क्रमांक, गेलेल्याला जावक. त्यामुळे भिशीची वही आपोआप माझ्याकडे आली. कुठलं पुस्तक कोणाकडे, कधी गेलं, कधी परतलं. या वहीनं मला माणसं दाखवली. गणिताचे गुरुजी कुठलंही पुस्तक आठवड्यात परत करतात आणि लगेच दुसरं मागतात. हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिण्यात ज्यांचं आयुष्य गेलं ते दिवाणजी एकेका पुस्तकाला महिना लावतात. आधी त्याला खाकी कव्हर घालतात, मग पहिल्या पानापासून, प्रस्तावना आणि मुद्रकाच्या पत्त्यासकट वाचतात. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या आमच्या सिस्टर दोन पुस्तकं एकदम नेतात. एक सकाळचं, एक रात्रीचं.

सिस्टरांना भिशी लागली त्या महिन्यात गठ्ठ्यात विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ होती. १९३९ सालची कादंबरी. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून देशोधडीला लागलेले ज्यू आणि मायदेशी परतणारा एक मराठी तरुण. प्रेमकथा आहे हे कळल्यावर दिवाणजींनी ती बाजूला ठेवली होती. मग नियम आठवला म्हणून घेऊन गेले. पुढच्या शनिवारी आले ते चहा घ्यायच्या आधीच बोलले, “ताई, ज्याला कुठलंच बंदर उतरवून घेत नाही, त्यानं करायचं काय?”

त्या संध्याकाळी प्रेमाबद्दल कुणी बोललंच नाही. तासभर कागदांवर बोलणं झालं. नाव-गाव नसलेले रुग्ण रात्री दवाखान्यात आणून सोडले जात, त्यांच्या केसपेपरवर ‘अनोळखी’ असं लिहिताना हात कसा थांबायचा, ते सिस्टरांनी सांगितलं. वकीलकाकांनी वारस दाखल्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या पक्षकारांचं सांगितलं. मला माझी बारनिशी आठवली. एका शिक्क्यासाठी खेड्यावरून आलेल्या म्हाताऱ्या बाया, पदराच्या गाठीतून काढलेले अर्ज. ‘रणांगण’वर जाणत्यांनी पुष्कळ लिहिलं आहे. पण एका शिक्क्याच्या कागदावर माणसाचं जगणं कसं टांगलेलं असतं, या बाजूनं ती कादंबरी मी एकटीनं वाचली असती तर मला दिसलीच नसती. ती दिवाणजींनी दाखवली. उभा जन्म ते पावत्या लावत आले आहेत.

लेखकांच्या मंडळींबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिलं-बोललं जातं, आणि ते योग्यच आहे. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही मंडळी रविवारी एकत्र बसून एकमेकांच्या कविता ऐकायची. पुढे गिरगावात खटाववाडीतल्या ‘मौज’च्या कचेरीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धनांभोवती लिहिणाऱ्यांची ये-जा असायची. आमच्यात लिहिणारं कुणी नाही. नुसत्या वाचणाऱ्यांची मंडळीही गावोगाव असतात, ओसरीवर, देवळाच्या कट्ट्यावर, वाचनालयाच्या पायरीवर. लिहिणाऱ्याचं पुस्तक शेवटी त्यांच्याच घरी मुक्कामाला येतं. त्यांची नोंदही कुणीतरी ठेवायला हवी, असं मला कळकळीनं वाटतं.

वाद होतात. सगळ्यात मोठा झाला तो ‘बनगरवाडी’वरून. व्यंकटेश माडगूळकर आमच्याच जिल्ह्यातले, आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. १९५५ साली आलेल्या या कादंबरीत एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, गावाला जमवून तालीम बांधतो, आणि शेवटी दुष्काळ वाडीच उठवतो. गुरुजींची पहिली नेमणूक त्याच कोरड्या भागातली, त्यामुळे ते या पुस्तकाचं एक अक्षर इकडचं तिकडे होऊ देत नाहीत. पण आमच्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी आहे, खुद्द आटपाडीकडची. तिनं सरळ विचारलं, “गुरुजी, वाडी उठली हे नशीब म्हणून का सोडून द्यायचं? आमच्याकडे टेंभूचं पाणी आलं, आज डाळिंबाच्या बागा आहेत. पाणी आणता येत होतं की!”

गुरुजी रागावले. माडगूळकरांनी पाटबंधाऱ्याचा अहवाल लिहिलेला नाही, म्हणाले. ती म्हणाली, मी लेखकाला दोष देतच नाही, वाचणाऱ्यांना देते. तुम्ही सगळे शेवटच्या पानावर हळहळता आणि पुस्तक मिटता. मला तिचं पटलं. टेंभूची उपसा योजना कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून खानापूर-आटपाडीच्या माळावर नेते. त्यासाठी त्या भागातल्या लोकांनी वर्षानुवर्षं पाणी परिषदा भरवल्या, भांडले. हळहळ पुरेशी नसते हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं. गुरुजींनाही पटलं असावं. त्यांनी ती कादंबरी पुन्हा नेली. वहीत त्यांच्या नावावर एकच पुस्तक दोनदा, अशी ती पहिलीच नोंद.

माळावर चढवावी लागते तीच कृष्णा २०१९च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरांत शिरली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर गेलं. १८६९ सालापासूनचं आमचं सांगली नगर वाचनालय पाण्यात गेलं, हजारो पुस्तकांचा लगदा झाला. ज्या दालनात मी शाळकरी वयापासून बसत आले, तिथल्या चिखलात ग्रंथांचे ढीग पाहताना मला उभं राहवलं नाही. सिस्टरांचं घर तळमजल्याचं. भिशीची त्या वर्षीची निम्मी पुस्तकं त्यांच्याकडे होती.

पूर ओसरल्यावर आम्ही सगळे त्यांच्या गच्चीवर जमलो. भिजलेलं पुस्तक कसं वाचवायचं हे तेव्हा शिकलो, ते इथं लिहून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. चिखल लागलेलं पुस्तक मिटलेलंच धरून स्वच्छ पाण्यानं हलक्या हातानं धुवायचं, घासायचं नाही. उन्हात टाकायचं नाही. बांधणी आखडते, पानं वाकडी होतात. सावलीत, पंख्याखाली, उभं करून पानं थोडी फाकवून ठेवायचं. खूप भिजलं असेल तर मधेमधे कोरा टिपकागद घालून तो बदलत राहायचं. घाई मात्र करायला हवी, कारण दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. आणि गुळगुळीत आर्ट पेपरवरची पुस्तकं, चित्रांची, छायाचित्रांची, ती तर आधी हातात घ्यायची. ती पानं चिकटून वाळली की पुन्हा सुटत नाहीत. सिस्टरांचं भारतीय पक्ष्यांवरचं देखणं पुस्तक तसंच गेलं. साध्या कागदाच्या कादंबऱ्या फुगल्या, पिवळ्या पडल्या, पण वाचल्या.

पानं फाकवताना वकीलकाकांना एका पुस्तकात कडेकडेनं पिवळे ठसे दिसले. दिवाणजींचा अंगठा. पेढीवरून थेट येऊन वाचायला बसत असणार. दिवाणजी इतके ओशाळले की मला वाईट वाटलं. वकीलकाका म्हणाले, हळदीचा डाग उन्हात उडतो, सावलीत वाळवलंय म्हणून राहिलाय, तर राहू दे. तेव्हापासून दिवाणजींकडून परत आलेल्या पुस्तकात मी आधी ते ठसे शोधते. ज्या पानावर ठसा गडद, तिथं ते जास्त वेळ थांबलेले असतात, आणि थांबण्यासारखं काहीतरी तिथं असतंच.

आता नवा प्रश्न उभा आहे. वकीलकाकांची नजर फार अधू झाली आहे. भिंग घेऊनही दोन पानांवर वाचवत नाही. मुलीनं त्यांच्या फोनवर मराठी पुस्तकं ऐकायची सोय करून दिली, आणि गेल्या महिन्यात चिठ्ठी नेमकी त्यांची निघाली. पैसे ऐकण्याच्या वर्गणीत घालू का, असं त्यांनी विचारलं. गुरुजींचं म्हणणं, ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे, आणि वर्गणी बारा घरांत फिरवता येत नाही. सिस्टर म्हणतात, पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्याच गेल्या, ज्यांना अक्षर येत नव्हतं त्या बायकांनी अख्खी ‘ज्ञानेश्वरी’ ऐकूनच आपलीशी केली. मी सिस्टरांच्या बाजूची आहे. मी सुचवलंय की काकांनी निम्म्या पैशांची छापील पुस्तकं आणावीत आणि दर आठवड्याला आमच्यापैकी एकानं ओसरीवर येऊन त्यांना त्यातलं तासभर वाचून दाखवावं. दिवाणजींनी पहिला आठवडा मागून घेतला आहे. बाकीच्या निम्म्या पैशांचं काय, ते दुसऱ्या शनिवारी ठरेल. गुरुजी अजून तयार नाहीत.