बोटांचे ठसे आणि नागरिकाचे खासगीपण

बोटांच्या ठशांवरून गुन्हेगार हुडकण्याचे शास्त्र भारतातच वाढीस लागले. १८९७ साली कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघा पोलिस अधिकाऱ्यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत सिद्ध केली. नाव मात्र झाले त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे. पुढे १९२० चा कायदा झाला, तोही मुख्यतः शिक्षा वा अटक झालेल्यांचेच ठसे घेण्यापुरता. सामान्य गृहस्थाची बोटे सरकारी दप्तराबाहेरच राहिली.

आधार योजनेने ती स्थिती पालटली. शिधा, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती यांसाठी कोट्यवधी लोकांनी दहाही बोटे यंत्रावर टेकवली. हे भांडार गुन्ह्याच्या तपासास खुले असावे काय, हा प्रश्न गोव्यात ऐरणीवर आला. जानेवारी २०१३ मध्ये वास्को येथील एका शाळेत सात वर्षांच्या बालिकेवर अत्याचार झाला. गुन्ह्याच्या जागी मिळालेले ठसे कोणाचे, हे उलगडेना. तेव्हा केंद्रीय अन्वेषण विभागाने गोव्यातील यच्चयावत आधारधारकांचे ठसे मागितले आणि तेथील दंडाधिकाऱ्यांनी ते देण्याचा हुकूम केला. इतक्या निर्घृण अपराधात हाती येईल ते साधन तपासयंत्रणेने मागावे, यात नवल नाही.

परंतु अडचण होती ती ठशांच्या जुळणीतच. शिधा घेताना यंत्र एवढेच पाहते, की समोरचा मनुष्य तो सांगतो तोच आहे काय; तेथे एका नोंदीशी एकच ठसा ताडायचा असतो. तपासात प्रश्न उलटा असतो : लाखो लोकांतून हा कोण? शिवाय जागेवर सापडलेला ठसा बहुधा अर्धवट, पुसट, घसरलेला. यंत्र लाखात एकदाच चुकते असे घटकाभर धरले, तरी २०११ च्या जनगणनेप्रमाणे साडेचौदा लाख वस्तीच्या गोव्यात चौदापंधरा निरपराध माणसांच्या दारी पोलिस उभे राहतील. खरा गुन्हेगार नोंदलेलाच नसेल, तर ते सारेच निरपराध! आणि त्या वेळी आपण कोठे होतो, हे सिद्ध करण्याची यातायात त्यांच्याच माथी.

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने अशी जुळणी यंत्रास साधेल काय, हे तज्ज्ञाकडून तपासण्यास सांगितले. आधार प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. लेखी संमतीवाचून कोणाचेही ठसे अन्य यंत्रणेस देऊ नयेत, असा अंतरिम आदेश त्या न्यायालयाने २४ मार्च २०१४ रोजी दिला. पुढे २०१६ च्या आधार कायद्याने ठसे व डोळ्यांची नोंद कोणासही देण्यास मनाई केली. नावपत्त्यासारखी माहिती न्यायालयाच्या हुकुमाने मिळते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो हुकूम उच्च न्यायालयाच्याच न्यायाधीशाचा लागतो, आणि तोही संबंधित मनुष्याचे म्हणणे ऐकल्यावर.

पोलिसांचे स्वतःचे दप्तर मात्र याच काळात विस्तारले आहे. १९२० च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२२ च्या कायद्याने ठशांच्या जोडीस डोळ्यांची नोंद व शारीरिक नमुने आणले, आणि ही नोंद पंचाहत्तर वर्षे जपण्याची तरतूद केली. निर्दोष सुटलेल्याची नोंद नष्ट करावी असे त्यात आहे; पण त्याला पूर्वी शिक्षा झालेली नसली, आणि न्यायालयाने कारण नमूद करून ती राखण्यास सांगितले नसले, तरच.