नदी नासली, तर भरून कोणी द्यायचं?

महाबळेश्वरची कृष्णा वाई, कऱ्हाड करत सांगलीला येते. वाटेतल्या कितीतरी गावांची तहान ती भागवते. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकलीच्या परिसरात याच नदीत मेलेल्या माशांचा खच पडला. प्रकरण पुण्याच्या हरित लवादापर्यंत गेलं. शेरीनाल्यातून नदीत जाणाऱ्या सांगली शहराच्या सांडपाण्याचा प्रश्न तर कित्येक वर्षांचा आहे. पाणी नासलं की विकतचा जार, दवाखाना, लांबची पायपीट हे सगळं आपल्याच माथी येतं. खरं तर हा खर्च कोणाचा?

कायदा सांगतो, ज्यानं घाण केली त्याचा. मग तो कारखाना असो की नगरपालिका. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात रासायनिक कारखान्यांमुळे विहिरी नासल्या. माती-पाणी पूर्ववत करण्याचा खर्च कारखान्यांनीच द्यायचा, असं सुप्रीम कोर्टानं १९९६ साली ठरवलं. पैसे भरायला टाळाटाळ झाली, तेव्हा २०११ साली सुमारे ३७ कोटींवर दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याज लावलं. व्याज चढतं कसं, हे बचत गटातल्या बाईला वेगळं सांगायला नको!

ही भरपाई मोजतात कशी? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा हिशेब दिवसांवर चालतो. जास्त प्रदूषण करणारे उद्योग 'लाल' गटात येतात. त्यातला मोठा कारखाना मोठ्या शहरापासून लांब असेल, तर २५० रुपयांच्या दरानं दिवसाला ३० हजार होतात. दहा दिवसांचे तीन लाख. दिवस मोजायचे ते मंडळाला चूक आढळल्यापासून ती दुरुस्त झाल्याची खात्री होईपर्यंत. म्हणजे तक्रार उशिरा गेली, तर तेवढे दिवस हिशेबातून सुटू शकतात.

आणि ओढ्याला काळं पाणी आलं, हे आधी कळतं कोणाला? धुणं घेऊन गेलेल्या बाईलाच. म्हणून गटाच्या वहीत एक पान यासाठी ठेवूया. तारीख, वेळ, जागा, पाण्याचा रंग, वास लिहूया. मोबाइलवर फोटो काढूया. मंडळाची कार्यालयं साताऱ्यात आणि सांगलीत, दोन्हीकडे आहेत. तिथं त्याच दिवशी लेखी तक्रार देऊन पोच घेऊया. आपण बाटलीत भरलेल्या पाण्यापेक्षा अधिकाऱ्यानं नियमानं घेतलेला नमुना पुढे टिकतो, म्हणून त्यांना लगेच बोलवायचं.

मंडळानं वसूल केलेली ही रक्कम थेट आपल्या हातात येत नाही. म्हैस दगावली, पीक जळालं, तर त्यासाठी हरित लवादाकडे वेगळा दावा करावा लागतो. त्याला मुदत पाच वर्षांची. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी पडत नाही. तोवर पशुवैद्यकाचा दाखला आणि पंचनामा जपून ठेवायचा.

आपला ऊस त्याच कारखान्याला जातो, घरचा माणूस तिथंच कामाला असतो. एकटीनं सही करायला हात धजत नाही, हे आम्हीही जाणतो. म्हणून तक्रार गटाच्या नावानं द्या, ग्रामसभेत ठराव घ्या. कारखाना बंद पाडा, असं आपण म्हणत नाही. त्यानं आपली घाण आपल्या पैशानं निस्तरावी, एवढंच मागणं आहे. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की वहीतलं ते पान उघडा आणि आजची तारीख घाला.