मेंढवाड्यापाशी रेंगाळणारे मूल

ख्रिस्ती धर्मशिक्षणात दीर्घकाळ रुळलेली पद्धत प्रश्नोत्तरीची होती. म्हणजे प्रश्नही मोठ्यांनीच घालायचे, उत्तरेही त्यांनीच ठरवून द्यायची आणि मुलांनी ती पाठ म्हणून दाखवायची. अशाने सिद्धांत तोंडपाठ होत असत, परंतु मुलाला स्वतःला पडणाऱ्या प्रश्नाला तेथे फारशी जागा उरत नसे. रोममध्ये १९५४ साली हिब्रू व बायबलच्या अभ्यासक सोफिया कावालेत्ती यांनी, माँटेसरी पद्धतीत मुरलेल्या जान्ना गोब्बी यांच्या साथीने, वेगळी वाट धरली. ‘उत्तम मेंढपाळाचे धर्मशिक्षण’ ते हेच. मराठी घरांत ‘माँटेसरी’ म्हणजे बालवाडी असे समीकरण झाले असले, तरी मूल हाताने करता करता शिकते आणि मोठ्यांचे काम त्यासाठी परिसर सिद्ध करण्याचे, हे त्या पद्धतीचे मर्म कावालेत्तींनी श्रद्धेच्या क्षेत्रात आणले.

तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी हे शिक्षण ज्या खोलीत चालते, तिला ‘एट्रियम’ म्हणतात. प्राचीन चर्चच्या दर्शनी चौकाचे ते नाव. तेथील ठेंगण्या फळीवर एक छोटा लाकडी मेंढवाडा असतो, आणि मेंढपाळाची व मेंढरांची चपटी लाकडी चित्रे असतात. येशूने दिलेला उत्तम मेंढपाळाचा दाखला (मराठी बायबलमध्ये बोधकथेसाठी हाच शब्द रूढ आहे) शिक्षिका वाचते, एकेक मेंढरू मेंढपाळामागून हलवते आणि नंतर ते साहित्य मुलाच्या स्वाधीन करते. ही मेंढरे म्हणजे कोण, हे ती सांगत नाही. मूल तीच मेंढरे पुन्हा पुन्हा आत-बाहेर नेत राहते आणि त्यांतले एक आपण आहोत, हे त्याचे त्यालाच उमगावे म्हणून त्याला हवा तेवढा वेळ दिला जातो. हा संयम साधा वाटला तरी मोठ्यांना तो सर्वांत जड जातो.

असा वेळ द्यायचा तो मुलाच्या मनात विस्मय जागावा म्हणून; आणि विस्मय म्हणजे क्षणभर दिपून जाणे नव्हे. एकाच गोष्टीकडे टक लावून पाहता पाहता तिचा अंत लागत नाही, या जाणिवेने माणूस तिथेच खिळून राहतो, तो विस्मय. म्हणूनच मुलांपुढे रोज नवनवे मांडत गेल्याने तो वाढत नाही, उलट बोथट होतो, असे कावालेत्ती मानत. मराठी स्वयंपाकघरात फोडणीत तडतडणारी मोहरी रोजचीच; पण तिचा एकच दाणा मुलाच्या तळहातावर ठेवून देवाच्या राज्याला अशाच दाण्याची उपमा देणारा दाखला सांगितला, की एवढ्याशा दाण्यातून मोठे झाड होते कसे, हा प्रश्न त्याचा स्वतःचा होतो.

अमेरिकेत जेरोम बेरीमन यांनी याच परंपरेतून ‘गॉडली प्ले’ ही पद्धत घडवली. तीत दाखला सोनेरी पेटीत ठेवलेला असतो, कारण तो भेट म्हणून मिळालेला आहे. कथा सांगणारी व्यक्ती मुलांकडे न पाहता नजर त्या वस्तूंवरच ठेवते आणि शेवटी, मेंढरांना नावे असतील का, अशा धाटणीचे प्रश्न मोठ्याने विचारते. ज्याचे उत्तर तिला आधीच ठाऊक आहे, असा प्रश्न तेथे चालत नाही. मुले जे बोलतील त्याला बरोबर-चूक न ठरवता वस्तू एकेक करून पेटीत परत जातात, झाकण लागते आणि पेटी मुलाचा हात पोहोचेल अशा फळीवर ठेवली जाते.