बिनतारी विद्येचे उच्च शिक्षण

‘बिनतारी’ हा शब्द अलीकडे मागे पडला आहे. पूर्वी तो उच्चारला की पोलीस ठाण्यावरील उंच खांब किंवा समुद्रावरील जहाजे डोळ्यांपुढे उभी राहत. आज तीच विद्या प्रत्येकाच्या खिशात येऊन बसली आहे, आणि म्हणूनच कदाचित तिचे नाव घेण्याची कोणास गरज वाटत नाही. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळांतून शिकून पुढे अभियांत्रिकीकडे वळणारी मुले आता दुर्मिळ राहिलेली नाहीत. त्यांतील काहींना पदवीनंतर बिनतारी संदेशवहनात एम.टेक. करावे असे वाटते. घरात मात्र प्रश्न निघतो, की आणखी दोन वर्षे आणि आणखी एका कापसाच्या पिकाचा पैसा यात घालावा काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी या विषयात शिकावयाचे असते तरी काय, ते पाहू.

उटनूरच्या डोंगराळ भागात हिंडणाऱ्या मनुष्यास एक अनुभव हमखास येतो. मोबाईलवर बोलणे चालू असता आवाज तुटतो. तो वीतभर बाजूस सरकतो, आणि आवाज पुन्हा स्पष्ट येतो. यात दैवाचा भाग काही नाही. मनोऱ्यावरून निघालेली लहर आपल्यापर्यंत एकाच वाटेने येत नसते. एक सरळ येते, दुसरी टेकडीवर आपटून येते, तिसरी एखाद्या पत्र्याच्या छपरावरून. या साऱ्या लहरी जेथे एकमेकींच्या चढास चढ मिळवतात तेथे संकेत बलवान होतो, आणि जेथे एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडतो तेथे तो जवळजवळ नाहीसा होतो. ९०० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते. म्हणून वीतभर अंतरानेही फरक पडतो. त्यातून आमच्याकडे सागाचे जंगल. पावसाळ्यात पानांनी भरलेला आणि भिजलेला साग लहरींचे बळ बरेच शोषून घेतो, आणि वारंवारता जितकी अधिक तितके हे शोषण अधिक.

मनोऱ्यावरील यंत्र चाळीसेक वॅट शक्तीने बोलत असते. आपल्या हातातील यंत्रास त्यातून अनेकदा एका वॅटचा दहा लाख कोटीवा भाग मिळतो, आणि एवढ्यावर त्याने शब्द ओळखावयाचा असतो. तो कसा ओळखावा, शेजारच्या हजार लोकांच्या बोलण्यातून वेगळा कसा काढावा, आणि दिलेल्या लहरपट्ट्यातून जास्तीत जास्त माहिती कशी न्यावी, हाच या शास्त्राचा गाभा होय. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली दाखवून दिले की लहरपट्ट्याची रुंदी आणि संकेताचे गोंगाटाशी असलेले प्रमाण ही दोन ठाऊक असली म्हणजे निर्दोष माहिती किती वेगाने जाऊ शकेल याची मर्यादा ठरून जाते. संकेत आधीच सबळ असेल तर शक्ती दुप्पट केल्याने माहिती दुप्पट जात नाही, थोडीशीच वाढते. एम.टेक.चा विद्यार्थी पहिल्या सत्रात ज्या ठिकाणी अडखळतो ती जागा हीच. त्याला वाटत असते की आपण यंत्रे शिकावयास आलो. प्रत्यक्षात पुढ्यात येते ते संभाव्यतेचे गणित, यादृच्छिक प्रक्रिया आणि रेषीय बीजगणित.

येथे पुण्याच्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. थॉमस कैलाथ यांचा जन्म १९३५ साली पुण्यात, एका मल्याळी ख्रिस्ती कुटुंबात झाला. शिक्षण सेंट व्हिन्सेंट शाळेत, आणि पुढे १९५६ साली पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून दूरसंचार शाखेची पदवी. त्यानंतर ते अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेत दाखल झाले. १९५९ साली पदव्युत्तर पदवी आणि १९६१ साली डॉक्टरेट त्यांनी मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, ज्या मार्गाचे गुणधर्म क्षणोक्षणी बदलत असतात त्या मार्गातून संदेश कसा पाठवावा. म्हणजे वर सांगितलेल्या वीतभर सरकण्याचेच गणित! पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांच्याकडे आरोग्यस्वामी पॉलराज आले. पॉलराज हे खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून नौदलात गेलेले अधिकारी. नौदलाने त्यांना दिल्लीच्या आय.आय.टी.त एम.टेक.साठी पाठविले असता त्यांचा अभ्यास पाहून त्यांना संशोधनाकडे वळविण्यात आले, आणि १९७३ साली ते पीएच.डी. झाले. या दोघांच्या नावे १९९४ साली अमेरिकेत एक पेटंट नोंदले गेले. अनेक वाटांनी येणाऱ्या लहरींना शत्रू न मानता, दोन्ही टोकांस अनेक ॲंटेना लावून त्याच वाटांवरून निरनिराळी माहिती एकाच वेळी धाडावी, ही त्यातील कल्पना. तिच्याच विस्तारावर आजची चौथ्या व पाचव्या पिढीची मोबाईल सेवा उभी आहे. भारतात पाचवी पिढी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, तिला दिलेल्या पट्ट्यांपैकी २६ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम सव्वा सेंटिमीटरच्या आत येते. जगदीशचंद्र बोस १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात असल्याच, किंबहुना याहूनही आखूड, लहरींवर प्रयोग करीत होते, हे सहज आठवले म्हणून सांगतो.

आता घरच्या प्रश्नाकडे. गेल्या नाताळच्या सुटीत माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटावयास आली होती. घरी शेती थोडी, धाकटी भावंडे दोन. एका खाजगी महाविद्यालयाने तिला ‘बिनतारी व मोबाईल संदेशवहन’ असे भारदस्त नाव असलेली जागा देऊ केली होती. वडील कर्ज काढावयास तयार होते. मी तिला एवढेच म्हटले, की बाई, नावावर जाऊ नकोस. तेथे जाऊन तीन गोष्टी विचार. प्रयोगशाळेत वर्णपट दाखविणारे यंत्र आहे काय, आणि विद्यार्थ्यांस त्यास हात लावू देतात काय? गेल्या वर्षीचे प्रबंध कोणत्या विषयांवर झाले? आणि मार्गदर्शन करणारे प्राध्यापक या शाखेत स्वतः काही संशोधन करीत आहेत काय? तिने विचारले, आणि मिळालेली उत्तरे ऐकून कर्जाचा बेत रहित केला. आता ती ‘गेट’ परीक्षेची तयारी करीत आहे.

या परीक्षेचे महत्त्व पालकांनी नीट समजून घेतले पाहिजे, कारण पैशाचा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो. इलेक्ट्रॉनिक्स व संदेशवहन या विषयाची प्रश्नपत्रिका १०० गुणांची, वेळ तीन तास. आणि मिळालेला गुणांक तीन वर्षे ग्राह्य. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासूनच तीस बसता येते. ‘गेट’ उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्यास गेली कित्येक वर्षे दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळत आले आहे. त्यातून वसतिगृह व खाणावळ भागू शकते. ‘गेट’शिवाय, राज्याच्या पीजीईसेट परीक्षेवर मिळालेल्या जागेस हे विद्यावेतन लागू होत नाही, ही गोष्ट प्रवेशाच्या दिवशी कोणी आपण होऊन सांगत नाही.

आमच्या मुलांपुढे दोन दिशा असतात. दक्षिणेस वरंगलची राष्ट्रीय तंत्रसंस्था आणि हैदराबादची आय.आय.टी.; उत्तरेस नागपूरची विश्वेश्वरय्या संस्था, जी अंतराने हैदराबादेहून जवळ आहे. या तिन्ही ठिकाणी प्रवेश देशपातळीवर होतो. राज्याच्या कक्षेतील महाविद्यालयांत मात्र रहिवासाचे नियम असतात. घरात मराठी बोलतो एवढ्याने आदिलाबादचा मुलगा महाराष्ट्राचा रहिवासी ठरत नाही. तेव्हा नियमपत्रक आधी वाचावे, मग अर्जाचे शुल्क भरावे.

नोकरीविषयी मोघम आश्वासन देणे मला पसंत नाही. बंगळूर-हैदराबादेत मोबाईलच्या चिप व त्यांतील प्रणाली घडविणाऱ्या कंपन्या आहेत, आणि त्यांना हा विषय खोलवर जाणणारी माणसे हवी असतात. परंतु ज्याला केवळ संगणकाची नोकरी हवी आहे त्याने त्यासाठी ही दोन वर्षे खर्चू नयेत. ती पदवीनंतरही मिळते.

मधल्या महिन्यांत काय करावे? आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने एन.पी.टी.ई.एल.वर विनामूल्य ऐकावयास मिळतात. त्यांतील संभाव्यता व संकेत-प्रणाली ही दोन आधी पुरी करावीत. डेसिबलमध्ये विचार करण्याची सवय लावावी, म्हणजे ३ डेसिबल हे दुप्पट आणि १० हे दसपट, असे तोंडी हिशेब झाले पाहिजेत. मराठी माध्यमातून आलेल्याने रोज इंग्रजी पाठ्यपुस्तकाचे एक पान वाचून ते घरात कोणाला तरी मराठीत समजावून सांगावे. ऐकणाऱ्यास ते कळले नाही, तर बहुधा वाचणाऱ्यासही कळलेले नसते. ‘गेट’चे अर्ज साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते, अर्थात कापूस वेचणीचा हंगाम नेमका अभ्यासाच्या दिवसांत येतो, तेव्हा घरातील कामाची वाटणी आत्ताच ठरवून टाकलेली बरी.