पहिल्या फुल मॅरेथॉनचं टार्गेट: आकडा कोणाचा, पळणार कोण?

परवा लॅबमधला एक ज्युनियर चहा पिताना म्हणाला, "ताई, जानेवारीत मुंबईची फुल पळतोय. साडेचार तासांचं टार्गेट ठेवू ना?" मी विचारलं, साडेचारच का? त्याने फोन पुढे केला. एका कॅल्क्युलेटरमध्ये त्याने आपल्या हाफ मॅरेथॉनची वेळ टाकली होती, २ तास १० मिनिटं. उत्तर आलं होतं ४:३१. एक मिनिट काय, होऊन जाईल, असं त्याचं म्हणणं.

मला हसू आलं नाही, कारण माझ्या पहिल्या फुलच्या वेळी मीही नेमकं हेच केलं होतं. माझी हाफ २:१२ची, कॅल्क्युलेटरने दिले ४:३५, आणि मी गोल करून ४:३० धरले. प्रत्यक्षात लागले ५:०९. पेडर रोडच्या चढावर मी चक्क चालत होते आणि साडेचारचा झेंडा घेतलेला पेसर केव्हाच दिसेनासा झाला होता. पाय दुखले ते आठवड्यात बरे झाले. पण रोज दुसऱ्यांच्या पेपरमधलं सॅम्पल तपासणारी मी, स्वतःवर एक समीकरण लावताना ते कोणाच्या डेटावरून आलंय हे एकदाही बघितलं नव्हतं, हे जास्त लागलं. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटच्या किंवा मुलाखतीच्या तयारीत आहेत. तिथे हा प्रश्न येतोच, म्हणून आज मॅरेथॉनच्या निमित्ताने तोच घेऊ.

तो कॅल्क्युलेटर बहुतेक वेळा पीटर रीगल या अमेरिकन इंजिनिअरच्या सूत्रावर चालतो. त्याने ते १९७७ मध्ये मांडलं आणि १९८१ मध्ये 'अमेरिकन सायंटिस्ट'मध्ये विस्ताराने लिहिलं. सूत्र साधं आहे. नवं अंतर जुन्या अंतराच्या जितके पट, त्या संख्येचा १.०६ वा घात काढायचा आणि जुन्या वेळेला त्याने गुणायचं. हाफवरून फुल म्हणजे अंतर दुप्पट, आणि दोनचा १.०६ वा घात येतो साधारण २.०८५. १३० मिनिटं गुणिले २.०८५ म्हणजे २७१ मिनिटं. झाले ४:३१.

आता तो १.०६ आला कुठून? रीगलच्या लेखाच्या नावातच 'अ‍ॅथलेटिक रेकॉर्ड्स' हे शब्द आहेत. म्हणजे हा आकडा विक्रमांवरून काढलेला आहे. विक्रम करणारी माणसं आठवड्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पळतात आणि पळून आल्यावर झोपतात. आपण पहाटे पळतो, मग ८:१२ची लोकल पकडतो आणि दिवसभर उभं राहून प्रयोग करतो. अंतर वाढलं की वेग किती पडतो, हे दोघांच्या बाबतीत सारखंच असेल असं मानायला काहीच आधार नाही.

हे मोजूनही झालंय. अँड्र्यू विकर्स आणि एमिली व्हर्टोसिक यांनी २०१६ मध्ये दोन हजारांहून जास्त हौशी धावपटूंच्या वेळा तपासल्या. हाफपर्यंत रीगलचं सूत्र बऱ्यापैकी जुळलं. फुलला मात्र घसरलं: निम्म्या लोकांना सूत्राने सांगितलेल्या वेळेपेक्षा किमान १० मिनिटं जास्त लागली. त्यांनी मग स्वतःचं मॉडेल बनवलं आणि त्यात आठवड्याला किती अंतर पळता हेही घातलं. हे महत्त्वाचं आहे. दोघांची हाफ २:१०ची असली, तरी आठवड्याला ६० किलोमीटर पळणारा आणि २५ किलोमीटर पळणारा ३० किलोमीटरनंतर सारखे दिसत नाहीत.

पण थांबा, या पेपरलाही तोच प्रश्न विचारा. हे धावपटू मिळाले कसे? एका अमेरिकन ऑनलाइन मासिकाच्या वाचकांकडून, त्यांनी स्वतःहून भरलेल्या फॉर्ममधून. फुल अर्धवट सोडलेल्या माणसाकडे भरायला वेळच नसते. ज्याचा दिवस फार वाईट गेला, तो असले फॉर्म भरायला किती उत्साहाने येईल, हाही प्रश्नच. म्हणजे 'निम्म्यांना दहा मिनिटं जास्त' हा आकडा वाटतो तेवढा वाईट नसून कदाचित त्याहून वाईट असेल. आणि यातले बहुतेक जण मुंबईच्या हवेत पळालेले नाहीत.

हवेचं काय होतं? एल हेलू आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये पॅरिस, लंडन, बर्लिन, बोस्टन, शिकागो आणि न्यूयॉर्क या सहा मॅरेथॉनचा दहा वर्षांचा डेटा घेतला, जवळपास १८ लाख निकाल. हवेतल्या घटकांपैकी वेळेवर सगळ्यात जास्त परिणाम तापमानाचा दिसला, आणि सर्वांत अनुकूल तापमान धावणाऱ्याच्या दर्जानुसार साधारण ४ ते १० अंशांच्या दरम्यान आलं. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. तेव्हा पहाटे आपण स्वेटर काढतो, ते तापमान असतं १७ ते २० अंश, वर समुद्राचा दमटपणा. आणि साडेचार-पाच तास लागणारा माणूस नुसता पहाटे पळत नाही, शेवटचे दहा किलोमीटर तो उन्हात असतो. दोन सव्वादोन तासांत संपवणाऱ्या परदेशी धावपटूची आणि आपली शर्यत एकाच दिवशी असली तरी हवामान एक नसतं. त्यात सी लिंक, माहीम, वरळी करून परत येताना तिशी ओलांडल्यावर पेडर रोडचा चढ. घाटावरच्यांना तो चढ वाटणारही नाही, पण त्या क्षणी वाटतो.

म्हणून तुमची हाफ कुठली हेही बघा. ठाण्याची वर्षा मॅरेथॉन भर पावसाळ्यात असते, साताऱ्याची हिल हाफ डोंगरावर, आणि वसई-विरारची डिसेंबरात, म्हणजे मुंबईच्या आधी जेमतेम महिनाभर. तिन्हींचं अंतर तेच, २१.०९७ किलोमीटर. पण साताऱ्याची वेळ सूत्रात टाकली तर उत्तर उगाच मोठं येईल, कारण चढाचा वेळ दुप्पट होऊन बसतो. मुंबईच्या सगळ्यात जवळची परिस्थिती वसई-विरारची, म्हणून मी तिथलीच वेळ धरते. इनपुट आणि ज्यासाठी अंदाज काढतोय ती गोष्ट, दोन्ही एकाच जातीच्या हव्यात. इथपर्यंत वाचलंत तर 'एक्स्टर्नल व्हॅलिडिटी' हा शब्द तुम्हाला पाठ करावा लागणार नाही.

आता 'साडेचार' या आकड्याच्या मोहाबद्दल. एरिक ॲलन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जवळपास एक कोटी मॅरेथॉन निकालांचा आलेख काढला. तो गुळगुळीत टेकडीसारखा यायला हवा होता. प्रत्यक्षात तीन तास, साडेतीन तास, चार तास अशा गोल आकड्यांच्या जरा आधी उंचवटे आले आणि लगेच नंतर खड्डे. लोक गोल आकडा गाठायला शेवटी जीव काढतात. शेवटच्या दोन किलोमीटरसाठी हे ठीक आहे, पण पहिल्या दहासाठी घातक. माझ्या ज्युनियरला ४:३०साठी किलोमीटरला ६:२४चा पेस लागेल. ४:५०साठी ६:५२चा. फरक २८ सेकंदांचा. मरीन ड्राइव्हवर, अंधारात, बॅंड वाजत असताना ६:२४ अगदी आरामात जमतो. त्याचं बिल परतीच्या वाटेवर येतं.

प्लॅनचं बोलायचं तर माझं मत थोडं अप्रिय आहे: पहिल्या फुलसाठी कुठला प्लॅन, यावर लोक वाजवीपेक्षा जास्त भांडतात. हाल हिग्डनचा नवशिक्यांचा १८ आठवड्यांचा प्लॅन घ्या किंवा तुमच्या ग्रुपच्या कोचचा. ढाचा तोच असतो: आठवड्यात तीन-चार दिवस पळणं, रविवारी लाँग रन, तो हळूहळू ३०-३२ किलोमीटरपर्यंत, आणि शेवटचे दोन-तीन आठवडे उतार. तुमच्या कॅलेंडरमध्ये तो बसतो का, हे खरं बघायचं. जानेवारीतून १८ आठवडे मागे गेलं की सप्टेंबरचा मध्य येतो. म्हणजे गणपतीच्या आसपास सुरुवात, वाढणारे लाँग रन ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि मधे दिवाळी. सेमिस्टर परीक्षा किंवा प्रोग्रेस सेमिनार कुठे येतोय तेही लिहा. बोरिवलीला राहत असाल तर नॅशनल पार्कच्या गेटपासून कान्हेरीच्या रस्त्याने लाँग रन होतो, सावलीही आहे. मुलुंड-घाटकोपरवाल्यांना हायवेचा सर्व्हिस रोड किंवा पवईपर्यंत जाऊन यावं लागतं. हा जाण्यायेण्याचा वेळ कुठल्याच प्लॅनमध्ये धरलेला नसतो. तुम्ही धरा.

"दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका" हा नियम सगळे सांगतात. नेदरलँड्समध्ये ५३२ नवशिक्यांवर त्याची चाचणी झाली (बाउस्ट आणि सहकारी, २००८). एका गटाला १३ आठवड्यांची हळू वाढ, दुसऱ्याला नेहमीचा ८ आठवड्यांचा कार्यक्रम. दुखापती २०.८ आणि २०.३ टक्के, म्हणजे फरक नाही. यावरून "नियम खोटा निघाला" असं लिहिणारे बरेच भेटतील. पण ते लोक चार मैलांच्या शर्यतीची तयारी करत होते. ४२ किलोमीटरबद्दल हा अभ्यास गप्प आहे. मी अजूनही साधारण दहा टक्केच वाढवते, फक्त विज्ञानाने सिद्ध झालंय असं म्हणत नाही.

आणि अंदाज काढण्याच्या आपल्या सवयीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी कॅनडातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर ३४ दिवस. सगळं वाईटात वाईट घडलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ दिवसांहून थोडे जास्त. म्हणजे वाईटात वाईट अंदाजही आशावादीच होता. माझ्या गाईडना मी सिनॉप्सिसची तारीख सांगते तेव्हा ते नुसते हसतात, त्यामागे बहुधा हाच पेपर असावा.

ज्युनियरसोबत बसून आम्ही मग असं केलं. त्याची हाफ वसई-विरारची, म्हणून इनपुट चाललं. त्याचं आठवड्याचं अंतर ३० किलोमीटर, म्हणजे कमीच. १.०६ ऐवजी आम्ही १.१० आणि १.१५ घालून बघितलं: ४:३९ आणि ४:४८. हे दोन घात माझे, कुठल्या पेपरमधले नाहीत. रेषा किती हलते ते कळावं म्हणून घेतलेले. त्यावर ऊन आणि चढासाठी दहा-पंधरा मिनिटं, तीही अंदाजाने. शेवटी आकडा न लिहिता पट्टा लिहिला, ४:४५ ते ५:०५, आणि सुरुवातीचा पेस ६:५५. त्याखाली तारीख आणि एक अट: डिसेंबरअखेरच्या ३० किलोमीटरच्या लाँग रनमध्ये शेवटचे पाच किलोमीटर पहिल्या पाचपेक्षा किलोमीटरमागे ३० सेकंदांहून हळू गेले, तर पेस ७:०५. ही अट आधीच लिहिली, कारण लाँग रन झाल्यावर "त्या दिवशी झोप झाली नव्हती" हे कारण सापडतंच. डेटा हातात आल्यावर गृहीतक बदलायचं नाही, हे तुम्ही पुढे प्री-रजिस्ट्रेशन या नावाने शिकाल.

तो जरा नाराज झाला. "म्हणजे पाच तासही लागू शकतात?" म्हटलं, हो, पट्ट्याच्या आतच आहे ते. त्याने कागद फोल्ड करून पाकिटात ठेवला आणि विचारलं, बोरिवलीहून सीएसएमटीला त्या पहाटे पोचायचं कसं. त्या दिवशी जादा लोकल सोडतात, वेळापत्रक आदल्या आठवड्यात बघ, आणि चर्चगेटला उतरून चालत जा, वॉर्मअप होतो.